तीन कॅसेट, ३२० वर्षं आणि मुंबई–पुण्याच्या फेऱ्या

सुरुवात अगदी साध्या बेरजेनं करू. ‘बॅक टू द फ्यूचर’चा पहिला भाग ११६ मिनिटांचा, दुसरा १०८ आणि तिसरा ११८ मिनिटांचा. एकूण ३४२ मिनिटं, म्हणजे पाच तास बेचाळीस मिनिटं. आता १० फेब्रुवारी २०२३ला सुरू झालेली मुंबई–साईनगर शिर्डी वंदे भारत घ्या. मुंबईहून आपल्या नगर जिल्ह्यातल्या शिर्डीला यायला ती साधारण पाच तास वीस मिनिटं घेते. गाडीनं सीएसएमटी सोडल्या सोडल्या पहिला भाग लावा. कसारा घाट चढा, नाशिक ओलांडा, मनमाडला वळा. शिर्डीच्या फलाटाला गाडी लागेल तेव्हा तिसऱ्या भागाची बावीस मिनिटं अजून शिल्लक असतील, आणि तीही शेवटची! हा चित्रपट प्राणप्रिय असणारा माणूस डब्यातून खाली उतरायला तयार होणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९८५ सालातला मार्टी मॅकफ्लाय नावाचा शाळकरी पोरगा, पिंजारल्या केसांचा शास्त्रज्ञ डॉक ब्राऊन आणि त्यानं डेलोरियन मोटारीत बसवलेलं कालयंत्र. गाडीनं ताशी ८८ मैलांचा वेग गाठला आणि १.२१ गिगावॉट वीज मिळाली, की माणूस दुसऱ्याच सालात. रॉबर्ट झेमेकिस यांच्या या मालेतला पहिला चित्रपट जुलै १९८५मध्ये आला, दुसरा नोव्हेंबर १९८९मध्ये, तिसरा मे १९९०मध्ये. आणि ही चित्रपटमाला घराघरांत शिरली. पहिला भाग १९८६ला व्हिडिओ कॅसेटवर, तिन्ही भाग २००२ला डीव्हीडीच्या संचात, २०१०ला ब्लू-रेवर, २०२०ला फोर-केमध्ये. पहिल्या भागाच्या शेवटी दिसणारी ‘पुढे चालू’ ही पाटी थिएटरात नव्हतीच, ती या कॅसेटवर आली. चाहत्यांना ती घरी बसून मिळाली!

सगळ्यात आधी कॅसेटच हातात घेऊ. काळी, वीतभर लांबीची, अडीच सेंटीमीटर जाडीची. कडेचं बारीक बटण दाबून पुढची झडप उचला. आत तपकिरी, आरशासारखी लकाकणारी, अर्धा इंच रुंदीची टेप ताणून बसलेली दिसेल. बोट लावू नका, नुसती बघा. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या व्हीसीआरमध्ये ही टेप सेकंदाला जेमतेम २.३ सेंटीमीटर सरकते. म्हणजे डॉक ब्राऊन घड्याळाच्या काट्याला लोंबकळतोय, रात्रीचे दहा वाजून चार मिनिटं झालीत, मनोऱ्यावर वीज कोसळतेय, आणि त्या कोसळण्याचा एक अख्खा सेकंद तुमच्या चिमटीत मावतो!

या पाल पद्धतीची एक गंमत आहे, आणि मला ती या चित्रपटाच्या फार जवळची वाटते. थिएटरात सेकंदाला २४ चित्रं पडद्यावरून जातात, पाल व्हिडिओवर २५. त्यामुळं चित्रपट किंचित पळवावा लागतो. तिन्ही भागांची ३४२ मिनिटं घरच्या टीव्हीवर ३२८ होतात. कालप्रवासाचा चित्रपट, आणि तो बघता बघता चौदा मिनिटं हातात शिल्लक! वंदे भारतचा हिशेब आता पुन्हा करा. बावीस मिनिटांची तूट आठ मिनिटांवर आली.

एकूण चित्रं किती? ४ लाख ९२ हजार ४८०. ही सगळी थिएटरच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर एकापुढं एक ठेवली, तर फिल्मची लांबी होते ९.३८ किलोमीटर. ही फिल्म अकोले तालुक्यात नेऊ. कळसूबाई, महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर, १,६४६ मीटर. फिल्मचं एक टोक समुद्राच्या पातळीवर धरून ती सरळ वर उभी केली, तर एकावर एक पाच कळसूबाया मावतात आणि वर सहाव्या शिखराचा निम्म्याहून जास्त भाग. एव्हरेस्टसुद्धा खाली राहतं!

आणि तेवढीच चित्रं कॅसेटवर उतरली की टेप लागते फक्त ४६१ मीटर. साडेनऊ किलोमीटरचं काम अर्ध्या किलोमीटरच्या आत! हे जमतं कसं, तर व्हीसीआरच्या पोटातल्या ६२ मिलिमीटर व्यासाच्या ड्रममुळं. हा चकचकीत ड्रम तिरका बसवलेला असतो आणि सेकंदाला २५ गिरक्या घेतो. एका गिरकीत एक चित्र. टेप आपली गोगलगायीसारखी सरकत असते, पण ड्रमवरचे हेड तिच्या अंगावर तिरके पट्टे वाचत सुसाट सुटलेले असतात. तिन्ही भाग संपेपर्यंत ड्रमच्या ४ लाख ९२ हजार ४८० गिरक्या होतात. एका गिरकीचा घेर साडेएकोणीस सेंटीमीटर. गुणाकार करा. ९६ किलोमीटर!

नगरहून पुण्याच्या रस्त्याला लागा. सुपे गेलं, शिरूर गेलं, शिक्रापूर गेलं, कोरेगाव भीमा मागं पडलं. पुणं १२० किलोमीटरवर. तिन्ही कॅसेट संपतील तेव्हा तुम्ही लोणीकंदच्या आसपास असाल. रात्रभरासाठी टीव्ही-व्हीसीआर भाड्यानं आणून, चटईवर बसून ज्यांनी हे तिन्ही भाग पाहिले, त्यांच्या समोरच्या त्या डब्यातल्या हेडनं एका रात्रीत एवढा पल्ला मारला होता.

आणि हा पल्ला सलग एकदा पाहिला तर. चाहते सलग कुठं बघतात? पहिल्याच भागात मॉलची पाटी दोनदा येते. सुरुवातीला तिच्यावर दोन पाइन वृक्षांचं नाव आहे. मधे मार्टी १९५५मध्ये जातो आणि गाडीखाली एक रोपटं चिरडतो. परत येतो तेव्हा पाटीवर एकाच पाइनचं नाव! कोणीही काही बोलत नाही, कॅमेरा थांबत नाही, पाटी येते आणि जाते. थिएटरात हे ज्याच्या नजरेतून निसटलं, त्यानं ते घरी पकडलं. “दादा, मागं घे, मागं घे! आता थांबव!” आणि थांबवल्यावर पडद्यावर पांढऱ्या रेघांची थरथर, तिच्या आडून ती पाटी. त्या वेळी टेप जागच्या जागी उभी असते, पण ड्रम फिरतच राहतो, तोच पट्टा सेकंदाला २५ वेळा वाचत. पाटी वाचायला एक मिनिट घेतलंत, तर तेच एक चित्र दीड हजार वेळा वाचून झालं.

आता तबकड्यांकडं वळू. डीव्हीडीच्या एका थरावर लेझरनं वाचायची वाट चकलीसारखी मधून बाहेर जाते. ती चकली उलगडली तर ११.८ किलोमीटर! ब्लू-रेची वाट त्याहून बारीक. डोक्याच्या एका केसाच्या रुंदीत तिचे दोनशेहून जास्त फेरे शेजारी शेजारी बसतात. तिथं एका थराची वाट २७.४ किलोमीटर. दोन थरांच्या तीन तबकड्या, तीन भागांच्या, असे एकूण सहा थर. १६४ किलोमीटर! मुंबई–पुणे १५० धरलं, तर या तीन तबकड्या मुंबईहून निघून घाट चढून पुणं ओलांडतात आणि पुढं नगर रस्त्याला लागून वाघोलीला येऊन थांबतात.

थांबा, इथं मला राहवत नाही. कॅसेटवाला नगरहून निघून लोणीकंदला थांबला होता. ब्लू-रेवाला मुंबईहून निघून वाघोलीला आलाय. मधे उरले सुमारे दहा किलोमीटर. आणि आपल्याकडं डीव्हीडीचा एक थर आहे, ११.८ किलोमीटरचा! तो मधे टाका. मुंबईपासून नगरपर्यंतचा अख्खा रस्ता एकाच चित्रपटमालेनं जोडला गेला, आणि वर दीड-दोन किलोमीटर शिल्लक!

तबकडीवर माहिती किती, हे विचारायचं धाडस करू या. ५० गिगाबाइटची तबकडी पूर्ण भरली तर तिच्यावर शून्य आणि एक मिळून ४०,००० कोटी आकडे बसतात. एकट्यानं सेकंदाला एक या वेगानं मोजायला घेतलं तर १२,६०० वर्षांहून जास्त लागतील. म्हणून अख्ख्या जिल्ह्याला कामाला लावू. २०११च्या जनगणनेत नगर जिल्ह्याची लोकसंख्या ४५ लाख ४३ हजार होती. जामखेडपासून अकोल्यापर्यंत, पारनेरपासून कोपरगावपर्यंत, पाळण्यातल्या बाळापासून नव्वदीच्या आजीपर्यंत सगळ्यांनी एकाच क्षणी मोजायला सुरुवात करायची. जेवायचं नाही, झोपायचं नाही. पूर्ण एक दिवस आणि वर जवळजवळ अर्धा तास! तेव्हा कुठं एक तबकडी संपेल. फक्त एक.

चला, आता गाडी बाहेर काढू. ताशी ८८ मैल म्हणजे १४१.६ किलोमीटर, सेकंदाला ३९ मीटर. “एक” म्हणेपर्यंत एकामागं एक उभ्या केलेल्या तीन एसट्या मागं! याच वेगानं नगरहून पुणं ५१ मिनिटांत येतं. एसटीचा विषय निघाला म्हणून सांगतो, आपल्या राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ला धावली ती पुणे–नगर रस्त्यावरच. डेलोरियन गाड्या बेलफास्टजवळच्या कारखान्यात सुमारे ९,००० तयार झाल्या आणि १९८२ संपता संपता बनणं थांबलं. सगळ्या आणून नाकाला शेपूट लावून उभ्या केल्या तर ३८ किलोमीटरची रांग. नगरपासून शनिशिंगणापूरपर्यंतचा रस्ता जवळजवळ भरून जाईल, सगळा पोलादी आणि उन्हात चमचमणारा.

पण खरी मजा आहे ती विजेत. १.२१ गिगावॉट! डॉक ब्राऊन हा आकडा ऐकून डोकं धरतो, आणि तो धरतो ते बरोबरच आहे. १२१ कोटी वॉट. कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पाची पूर्ण क्षमता १,९६० मेगावॉट. त्यातली रुपयात दहा आणे वीज एका मोटारीला! नऊ वॉटचे एलईडी दिवे लावले तर साडेतेरा कोटींच्या आसपास लागतील. जिल्ह्यातल्या प्रत्येक माणसाच्या वाट्याला २९ दिवे. दिवाळीत तरी एवढे कोण लावतं?

आणि विहिरी? विहिरीवरची पाच हॉर्सपॉवरची मोटर आपल्या शेतकऱ्याच्या रोजच्या ओळखीची. एका डेलोरियनच्या विजेवर अशा ३ लाख २४ हजार मोटरी एका वेळी सुरू होतील. त्या विहिरी मुंबई–पुणे रस्त्याच्या कडेनं खणायच्या ठरवल्या तर किती अंतरावर एक येईल? ४६ सेंटीमीटरवर! दर दीड फुटाला एक विहीर, वाशीच्या खाडीपासून खंडाळ्याच्या घाटापर्यंत आणि तिथून थेट पुण्यापर्यंत. विहिरीला कठडा बांधायलासुद्धा जागा नाही. पाण्यासाठी आभाळाकडं डोळे लावून बसणाऱ्या आपल्या जिल्ह्याच्या घशाला हा आकडा ऐकून कोरड पडेल.

आता बिल. युनिटला आठ रुपये धरू. एक सेकंद ही वीज वापरली तर ३३६ युनिट, म्हणजे २,७०० रुपयांच्या आत. फारच स्वस्त! पण तीच वीज तिन्ही भाग संपेपर्यंत, पाच तास बेचाळीस मिनिटं चालू ठेवली तर? जवळजवळ ६९ लाख युनिट. साडेपाच कोटी रुपये! १९५५मधल्या डॉककडं एवढी वीज नव्हती म्हणून त्यानं आभाळातून पडणारी वीज तारेनं गाडीत घेतली. फुकट. या माणसावर लोक चाळीस वर्षं जीव टाकतात ते उगाच नाही.

मार्टीनं एकूण किती वर्षांचा प्रवास केला, हे मी कागद घेऊन मांडलं तेव्हा अंगावर काटा आला. १९८५हून १९५५, तीस वर्षं. परत १९८५, आणखी तीस. तिथून २०१५, तीस. परत बिघडलेल्या १९८५मध्ये, तीस. पुन्हा १९५५, तीस. तिथून १८८५, सत्तर. आणि शेवटी घरी, १८८५हून १९८५, शंभर. बेरीज ३२० वर्षं! चित्रपट ३४२ मिनिटांचा, म्हणजे मिनिटाला जवळजवळ एक वर्ष. तुम्ही उठून चहा टाकून आलात की चार-पाच वर्षं गेली.

हीच गाडी नगरच्या रस्त्यावर आणली तर काय काय दिसेल? १९५५मध्ये उतरलो तर पुणे–नगर एसटीला सात वर्षं झालेली आणि प्रवरेचा सहकारी साखर कारखाना धूर सोडत असलेला. १८८५मध्ये उतरलो तर दौंड–मनमाड लोहमार्ग सुरू होऊन सात वर्षं लोटलेली. म्हणजे तिसऱ्या भागात डॉक गाडीला वेग यावा म्हणून आगगाडीचं इंजिन मागून लावतो, तसं इंजिन आपल्याकडंही मिळालं असतं! आणि ती सगळी ३२० वर्षं एकाच दमात सरळ मागं गेलो तर १७०६च्या आसपास. औरंगजेबाची छावणी नगरला पडलेली, आणि ३ मार्च १७०७ला तो इथंच, भिंगारला, शेवटचा श्वास घेणार. एवढी वर्षं मार्टी तुकड्या तुकड्यांनी मागंपुढं करतो, आपल्या सोफ्यासमोर.

तीसच वर्षं घेऊ, पण ती टेपवर भरू. व्हीसीआर लावला आणि तीस वर्षं न थांबता रेकॉर्ड केलं तर टेप लागेल २२,००० किलोमीटरहून जास्त. पृथ्वीच्या निम्म्या परिघाला वळसा घालून वर उरेल. तीन तासांच्या कॅसेट धरल्या तर ८७,६६० नग. एकावर एक आडव्या रचल्या तर उंची २,१९१ मीटर! आपली कळसूबाई ५४५ मीटरनं खाली राहिली. आणि हे सगळं रिवाइंड करायचं म्हटलं, एका कॅसेटला तीन मिनिटं धरून, तर रात्रंदिवस १८२ दिवस. सहा महिने नुसता घरघर आवाज. डॉकची गाडी हेच अंतर एका झगमगाटात कापते.

अंतर! हा शब्द आला आणि खरा चक्रावणारा हिशेब समोर उभा राहिला. मार्टी तीस वर्षं मागं जातो आणि त्याच गावात, त्याच जमिनीवर उतरतो. पण तीस वर्षांपूर्वी ती जमीन तिथं होती कुठं? नगर शहर पृथ्वीबरोबर गरगरतंय ताशी १,५८० किलोमीटरनं. पृथ्वी सूर्याभोवती धावतेय सेकंदाला जवळजवळ ३० किलोमीटरनं, म्हणजे मुंबई–पुणे पाच सेकंदांत. आणि सूर्य आपल्या सगळ्या ग्रहांना कडेवर घेऊन आकाशगंगेभोवती निघालाय सेकंदाला सुमारे २२० किलोमीटरनं. मुंबई–पुणे एका सेकंदाच्याही आत! तुम्ही सोफ्यावरून न उठता तिन्ही भाग बघितलेत, तर तेवढ्या वेळात तुमचा सोफा ४५ लाख किलोमीटर पुढं गेलेला असतो. चंद्रापर्यंतचं अंतर जवळजवळ बारा वेळा. जिल्ह्यातल्या माणशी एक किलोमीटर!

मग तीस वर्षांत? २०,८०० कोटी किलोमीटर. ताशी ८८ मैलांनी हे अंतर कापायला त्या डेलोरियनला १ लाख ६७ हजार वर्षं लागतील. प्रकाशाला आठ दिवस. मुंबई–पुण्याच्या मापानं मोजलं तर १३९ कोटी खेपा, म्हणजे काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतच्या जवळजवळ सगळ्या भारतीयांनी प्रत्येकी एकदा मुंबईहून पुण्याला जायचं. एवढं अंतर डॉकचं यंत्र पापणी लवायच्या आत भरून काढतं आणि गाडी अचूक जागेवर उतरवतं. ही झाली पहिली फेरी!

सगळ्या सात फेऱ्या मिळून ३२० वर्षं. आता दम धरा. २ लाख २२ हजार कोटी किलोमीटर. प्रकाशकिरण सोडला तर तोही ८६ दिवस वाटेत. मुंबई–पुणे? १,४८१ कोटी खेपा! पृथ्वीवरची सगळीच्या सगळी ८२० कोटी माणसं, चिनी, ब्राझीलची, नगरची, न्यूयॉर्कची, मुंबईहून पुण्याला गेली, आणि त्यांतली ६६० कोटी परत मुंबईलासुद्धा आली!